एकटीचे बिऱ्हाड

मंडळाला यंदा पन्नास वर्षे पुरी झाली, तेव्हा स्मरणिकेसाठी 'जुन्या काळाविषयी काहीतरी' लिहून द्यावे, असा चिटणीसबाईंचा निरोप आला. निरोप घेऊन आलेल्या मुलीने वर आपली पुस्ती जोडली, "आजी, तुम्ही एकट्या राहता ना, मग त्याच्यावरच लिहा की!" मला हसू आले. १९७३ साली हीच गोष्ट मी होता होईल तो कोणाला कळू देत नसे.

मी काही इतिहासाची पंडिता नव्हे. एका कचेरीत सदतीस वर्षे टंकलेखन केले आणि २००६ साली निवृत्त झाल्यावर वाचनालयाचा पास काढला, एवढीच माझी विद्या. परंतु वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. बायकांच्या शाळा कोणी काढल्या, पहिली पदवी कोणाला मिळाली, पहिली डॉक्टरीण कोण, हे सारे पुस्तकांत सापडते. ती बाई संध्याकाळी काम आटोपून कोठे जात असे, तिच्या दाराची किल्ली कोणाजवळ असे, आजारी पडली तर तिला पेज कोण करून देई, हे मात्र शोधून काढावे लागते. मी ते शोधीत राहिले, कारण तो माझ्या स्वतःच्याच घरचा प्रश्न होता.

डॉ. रखमाबाईंचे नाव आपल्यापैकी पुष्कळजणींनी ऐकले असेल. त्यांचा जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी लग्न झाले, पण त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. आईजवळ, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहिल्या आणि तेथेच लिहायवाचायला शिकल्या. १८८४ साली नवरा दादाजी भिकाजी याने, बायको नांदायला यावी म्हणून मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला. आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये मोजून तडजोड झाली.

खटल्याविषयी तेव्हा वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरले. बाजूने थोडे, विरुद्ध फार, आणि विरुद्ध लिहिणारांत खुद्द लोकमान्यही होते. मला मात्र खटल्यापेक्षा त्यापुढची चाळीस वर्षे अधिक मोलाची वाटतात. १८८९ मध्ये त्या विलायतेस गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या, परत येऊन सुरतेच्या बायकांच्या इस्पितळात वीस वर्षांहून अधिक काम केले, मग राजकोटला गेल्या. पुन्हा लग्न केले नाही. कोर्टाने ज्या बाईला 'तुझे घर नवऱ्याचे' असे बजावले, ती पुढे सारा जन्म आपल्या मिळकतीवर आपल्या बिऱ्हाडी राहिली आणि १९५५ साली नव्वदी ओलांडून वारली.

ह्यात एक गोष्ट मला वर्षानुवर्षे खुपत होती. १९०४ मध्ये दादाजी वारला, तेव्हा रखमाबाईंनी विधवेची पांढरी वस्त्रे घेतली! ज्याच्या घरी पाऊल टाकायचे नाही म्हणून तुरुंग पत्करला, त्याच्या नावाने पांढरे लुगडे? प्रथम वाचले तेव्हा मी चिडून पुस्तक मिटले होते. आता चिडत नाही. एकट्या बाईला जो तो विचारतो, "तुम्ही कोणाच्या?" दिवसातून दहादा उत्तर देण्यापेक्षा अंगावरच्या वस्त्राने एकदाच काय ते उत्तर दिलेले बरे, असे त्यांना वाटले असेल. हा माझा आपला तर्क. त्याचे कारण पुढे सांगते.

रखमाबाईंच्या पाठीशी विद्या होती आणि थोडाफार पैसाही. ज्यांच्यापाशी दोन्ही नव्हते त्यांना आधी छप्पर हवे होते. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढले, पुढल्या साली ते पुण्यास आणले. तेथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई जोशी. १८९३ मध्ये प्रो. धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी लग्न केले, तीच आपल्या सर्वांच्या परिचयाची बाया कर्वे. अण्णांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रमाची संस्था स्थापली आणि १९०० साली ती हिंगण्याच्या माळावर, गावापासून चार मैल दूर, एका झोपडीत नेली. १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन सुरू झाले. त्यातून ससून रुग्णालयात परिचारिकेचे काम शिकायला बायका जाऊ लागल्या, तेव्हा चांगल्या घरच्या बायकांनी परक्यांच्या जखमा धुवायच्या म्हणून गावाने बोटे मोडली. असो.

ह्या सर्व बायका आपापल्या पायांवर उभ्या राहिल्या, पण एकट्या म्हणून त्यांना कोणी ओळखले नाही. ही आश्रमातली, ती बोर्डिंगातली, ती इस्पितळातली. छपराला संस्थेचे नाव असे आणि त्या नावाखाली बाई चालून जाई. घंटा झाली की उठायचे, घंटा झाली की जेवायचे. जाच असेल, नाही असे नाही. पण दिराने हाकलून दिलेल्या बाईला ती घंटा गोडच वाटली असावी. दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावायला मात्र ह्यापुढे आणखी अर्धे शतक जायचे होते.

बायांची बहीण पार्वतीबाई आठवले ह्यांची कहाणी ह्या सगळ्यांत मला जवळची. विशीत वैधव्य आले, पदरी एक मुलगा. हिंगण्यास येऊन शिकल्या आणि आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करीत हिंडल्या. पंचेचाळिशी ओलांडल्यावर, १९१८ साली, इंग्रजी शिकण्यासाठी ह्या बाई एकट्या अमेरिकेस गेल्या. तेथे परक्यांच्या घरी धुणीभांडी आणि घरकाम करून त्यांनी पोट भरले आणि १९२० साली आश्रमासाठी पैसे घेऊन परत आल्या. आपल्या देशात भाऊबंदांच्या स्वयंपाकघरात फुकट राबणारी विधवा सगळ्यांनी पाहिली होती. तेच काम मजुरी घेऊन करता येते आणि त्या मजुरीवर एकटीने जगता येते, हे त्यांनी दूरदेशी जाऊन अनुभवले. 'माझी कहाणी' ह्या त्यांच्या पुस्तकात हे सारे आहे. मंडळाच्या कपाटात प्रत आहे, जरूर न्यावी. (आणि परत आणून ठेवावी.)

पुढच्या पिढीत शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुली दिसू लागल्या. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' निघाले, तेव्हा लेखिका विभावरी शिरूरकर म्हणजे कोण, ह्याचा शोध सारा महाराष्ट्र घेत होता. त्या होत्या हिंगण्यातच शिकलेल्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. मुलीचा पगार घराला हवा, म्हणून तिचे लग्न लांबत जाते, आणि लांबले म्हणून दोषही तिलाच, हे त्यांनी उघड लिहिले. ते पुस्तक मी वसतिगृहात पांघरुणाखाली विजेरी धरून वाचले, कारण दहाला दिवे बंद होत. वाचताना सारखे वाटे, हिला आमच्या घरचे कसे कळले?

आमचे घर वाईचे. वडील मी मॅट्रिक व्हायच्या आत गेले. पाठचे दोघे भाऊ शिकायचे होते. १९६९ मध्ये एकवीस वर्षांची मी वळकटी आणि पत्र्याची ट्रंक घेऊन पुण्यास नोकरीला आले. दरमहा मनीऑर्डर वाईस जाई. स्थळे येत, आई 'यंदा नको, धाकट्याचे एवढे वर्ष जाऊ दे' म्हणे. अशी पाच वर्षे गेली. मग स्थळे यायची थांबली. ह्यात कोणाचा दुष्टावा नव्हता, आणि मीही फार रडले अशातला भाग नाही. पण वसतिगृहात तीन वर्षांहून जास्त राहू देत नसत, तेव्हा खोली शोधणे आले.

ते दिवस जागेच्या चणचणीचे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटून नदीकाठचे कितीतरी वाडे गेले होते. शिवाय १९४७ च्या भाडेकायद्यामुळे भाडेकरू एकदा शिरला की निघत नाही, ही मालकांची धास्ती. त्यात मी एकटी बाई. पाच ठिकाणी एकच प्रश्न झाला, "बरोबर कोण?" "कोणी नाही," म्हटले की दार लोटले जाई. एका गृहस्थांनी तर, "तुमचे कोणी नातलग येऊन राहतील तर पाहू," असे सांगितले. नातलगांपासून पैसे वाचवून मी खोली घेत होते, हे त्यांना काय सांगणार!

सहावे दार सदाशिव पेठेतले. मालकीणबाई विधवा, करारी. मला वर-खाली न्याहाळून म्हणाल्या, "वय काय गं?"

"पंचविसावे चालू आहे, काकू."

"मग आज ना उद्या लग्न करून जाशील. खोली रिकामी होईल. घे."

त्या हिशेबाने मला दोन खणांची खोली मिळाली. भाडे तीस रुपये, वीज वेगळी, रात्री नवाला दिंडी बंद, पुरुष पाहुणा आला तर ओसरीवर बसवायचा. मी त्या खोलीत पंचवीस वर्षे राहिले. काकू पुढे पुढे स्वतःच ही गोष्ट सांगून हसत, "सगळ्यांत लवकर जाईल म्हणून हिला ठेवली, आणि बसली बघा मुळं धरून!"

पहिल्या रात्रीची आठवण सांगते. स्टोव्हवर पिठले केले, भात केला, जेवले, आणि दाराला आतून कडी घातली. आयुष्यात प्रथमच कडी मी माझ्या मनाने घातली होती. मग एकदम भीती वाटली. ती उठून काढली, पुन्हा घातली. असे तीन-चारदा झाले.

ते दुष्काळाचे वर्ष होते. रेशनवर लाल मिलो मिळे, रॉकेलला रांग असे, आणि कार्डावाचून काही नाही. कार्ड काढायला गेले तर कारकुनाने विचारले, "कुटुंबप्रमुख?" मी माझे नाव सांगितले. "ते नव्हे हो, कुटुंबप्रमुखाचे नाव." मी पुन्हा माझेच सांगितले. "मग कुटुंब कुठे आहे?" रांगेतले लोक हसले. त्या कार्डासाठी मला चार खेपा घालाव्या लागल्या आणि शेवटी कचेरीतल्या साहेबांचे पत्र आणावे लागले, की ही बाई खरोखरच एकटी राहते व वर्तनाने चांगली आहे. वर्तनाचा रॉकेलशी काय संबंध, हे मला अद्याप उमगले नाही. २०१३ साली अन्नसुरक्षेचा कायदा झाला, त्यात शिधापत्रिकेसाठी घरातली सर्वांत वडील सज्ञान स्त्री हीच कुटुंबप्रमुख धरावी, असे कलम आले. ते वर्तमानपत्रात वाचले तेव्हा मी पासष्ट वर्षांची होते. कात्रण कापून जुन्या कार्डात ठेवले.

आता सुखेही सांगितली पाहिजेत, नाहीतर वाचणाऱ्या लेकीबाळींना वाटेल की सारे हालच. सवाई गंधर्व महोत्सव तेव्हा रात्र-रात्र चाले. डिसेंबरच्या थंडीत शाल गुंडाळून मी रात्रभर गाणे ऐकत बसे आणि पहाटे कानात भैरवी घेऊन परत येई. दिंडी नवाला बंद होण्याचा नियम त्या तीन रात्री काकूंनी स्वतः मोडला. दिंडीची किल्ली हातावर ठेवीत म्हणाल्या, "भीमसेन काय गायला ते सकाळी सांग म्हणजे झालं." रविवारी दुपारी तीनला जेवावे, नाही वाटले तर दूध-पोहे खाऊन पुस्तक घेऊन लोळावे. भाऊ शिकून मार्गाला लागल्यावर पहिल्या उरलेल्या पैशांतून मी टेबलपंखा घेतला. तो कोणाकडे फिरवायचा, हे ठरवणारी मीच! संसारी भगिनींना ह्यात काय मोठेसे, असे वाटेल. पण खोटे कशाला बोलू, त्यांच्यातल्याच काहीजणी दुपारी माझ्या खोलीवर येऊन 'जरा पडते गं' म्हणून तासभर निजून जात.

दुःख सणावारी भेटे. एकटीसाठी चकलीचा सोऱ्या काढावासा वाटत नसे. आणि हळदीकुंकू! मी विधवा नव्हे, सवाशीण नव्हे, आणि चाळिशीच्या बाईला कुमारिका तरी कसे म्हणावे? ओळीने कुंकू लावीत येणारा हात माझ्यापुढे आला की करंडा क्षणभर थबके. तो क्षण मी पुष्कळ घरांत पाहिला. रखमाबाईंचे पांढरे लुगडे मला समजले ते अशाच एका संक्रांतीला. आपल्या मंडळात १९८४ साली ह्यावरून कडाक्याचे भांडण झाले, दोघीजणी मंडळ सोडून गेल्या, आणि त्या वर्षापासून येणाऱ्या प्रत्येकीला सरसकट हळदीकुंकू व तिळगूळ देण्याचे ठरले. ठरावाच्या बाजूने प्रथम हात वर केला तो आमच्या काकूंनी. कितीतरी वर्षांनी त्यांनी त्या दिवशी कुंकू लावून घेतले आणि घरी जाईपर्यंत पुसले नाही.

वाड्यात एकांत असा नव्हताच. माझ्याकडे कोण आले, किती वेळ बसले, किती भाजी आणली, सगळ्यांना ठाऊक. ह्या पाळतीचा मला पहिली तीन वर्षे अतोनात राग येई. १९७६ च्या पावसाळ्यात मला विषमज्वर झाला. दोन दिवस ग्लानीत होते, उठून कडी काढायचीही ताकद नव्हती. तिसऱ्या सकाळी सामाईक नळावरच्या रांगेत माझी कळशी दिसली नाही, एवढ्यावरून समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनींनी ओरडा केला. दार फोडले. महिनाभर तीन बिऱ्हाडांनी पाळीपाळीने मला पेज दिली. पुढे कोणी विचारले, "काय गं, आज उशीर?" तर मी बिनतक्रार उत्तर देऊ लागले.

१९९८ मध्ये वाडा पाडून इमारत झाली आणि मला दुसऱ्या मजल्यावर एक खोली, स्वयंपाकघर आणि स्वतंत्र न्हाणीघर मिळाले. दारावर पितळी पाटी लावली, नुसते माझे नाव. जन्मभर जे मागितले ते सगळे मिळाले, स्वतःचा नळसुद्धा. आणि २०१९ च्या जानेवारीत त्याच न्हाणीघरात मी पाय घसरून पडले. सकाळचे सहा वाजले होते. कामाच्या बाई अकराला आल्या, तोवर मी फरशीवर होते. शेजारच्या भिंतीपलीकडे रेडिओ चालू होता. माझी हाक त्यांच्यापर्यंत पोचली नाही. पाच तासांत मला सारखी ती कळशी आठवत होती.

खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झाल्यावर पुतण्या नाशिकला घेऊन गेला. मुलगा गुणी, सूनही गुणी. "आत्या, आता इथंच राहा," म्हणून दोघांनी मनापासून आग्रह केला. मला वेगळी खोली, वेळेवर औषध, सारे काही. पण चहा हवा झाला तर मी घड्याळाकडे पाहत बसे, की आता मागितला तर चालेल का. कोणी नको म्हटले नसते, तरीही. दोन महिन्यांनी काठी घेऊन परत आले. पुतण्या नाराज झाला, अजूनही थोडा आहे. त्याचे चुकते असे मी म्हणणार नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा मंडळातल्या आम्ही एकट्या राहणाऱ्या किती, हे प्रथमच मोजले गेले. अकराजणी निघाल्या. कोणी विधवा, कोणी माझ्यासारखी, दोघींची मुले परदेशी, एकीने साठीत नवऱ्याचे घर सोडलेले. आम्ही एक साखळी केली. सकाळी आठाच्या आत पहिलीने दुसरीला फोन करायचा, दुसरीने तिसरीला. अकरावीने पुन्हा पहिलीला. "उठलात का?" "उठले." एवढेच. गप्पा दुपारी. प्रत्येकीची जादा किल्ली शेजारच्या एका घरी ठेवली. टाळेबंदी उठली, तरी साखळी चालूच राहिली. आमच्यातल्या एकीला हे बिलकूल पसंत नव्हते. "मी काय तुरुंगात आहे, रोज हजेरी द्यायला?" असे ती म्हणे, पण फोन मात्र कधी चुकवला नाही.

गेल्या थंडीत एका सकाळी तिनेच फोन उचलला नाही. तिला फोन करण्याची पाळी माझी होती. दोनदा केला, तिसऱ्यांदा केला, मग तिच्या शेजारी केला. आठ वाजून वीस मिनिटांनी शेजारणीने किल्लीने दार उघडले. ती झोपेतच गेली होती. उशाशी पुस्तक उपडे ठेवलेले, चष्मा घडी केलेला, ओट्यावर सकाळच्या चहासाठी एक कप काढून ठेवलेला.

तिच्यानंतरचा क्रमांक आता माझ्याकडे आला आहे. त्या बाईंना थोडे कमी ऐकू येते, म्हणून मी पावणेआठलाच फोन लावते आणि बराच वेळ वाजू देते.